मंत्रिमहोदय, डोस पाजण्याआधी लेंडी तपासा

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. घरी आईच्या अकरा उस्मानाबादी शेळ्या आहेत. गेल्या श्रावणापर्यंत चौदा होत्या.

मृगाच्या तोंडावर गावात जंताच्या औषधाचं वाटप झालं. नेहमीचंच, अल्बेंडाझोल. आईने एकेकीचं तोंड धरून स्वतः पाजलं. पोळ्याच्या आधी एका दुभत्या शेळीच्या जबड्याखाली सूज उतरली, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी मऊ. आईने तिची खालची पापणी ओढून मला दाखवली. आतून लालसर दिसायला हवं ते चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. पुन्हा तेच औषध आणलं, पाजलं. नवव्या दिवशी ती गेली, आणि तिच्यामागोमाग दोन पाटी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या.

डॉक्टरांनी तिचं चौथं पोट उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. अस्तराला बोटाच्या पेराएवढे जंत शेकड्यांनी चिकटले होते, वळवळत होते. प्रत्येक मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ, मनगटावर बांधायच्या दोऱ्यासारखा. लाल दिसतं ते शेळीच्या रक्ताने भरलेलं आतडं, पांढरं ते त्याभोवती गुंडाळलेलं अंडाशय. हिमोंकस कॉन्टॉर्टस हे त्याचं नाव. वर्गात मी ते फळ्यावर लिहितो, पण असं जिवंत कधी पाहिलं नव्हतं. गवतावरची अळी पोटात गेल्यापासून पूर्ण वाढायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. डोस होऊन तर नऊच दिवस झाले होते. म्हणजे हे जंत औषध पिऊन जगलेले होते.

साहेब, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर. पंचवीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असतं दीड-पावणेदोन लिटर. ती किती दिवस तग धरणार?

औषध का लागू पडलं नाही, याचं उत्तर जंताच्या जनुकात आहे. अल्बेंडाझोल जंताच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं आणि त्याच्या पेशींचं काम बंद पाडतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि या माळेत दोनशेव्या जागी फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल असतं. जनुकातलं एकच अक्षर बदललं की तिथे टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं आणि औषधाची पकड सुटते. हा बदल आईबाप दोघांकडून मिळालेला जंत आरामात वाचतो. आपण डोस पाजतो तेव्हा बाकीचे मरतात आणि मागे उरतात ते हेच, एकमेकांशी जुगायला. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. त्यात शेळीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीच्या मापाचा डोस तिला पुरत नाही. अपुरा डोस म्हणजे अर्धवट तग धरू शकणाऱ्या जंतांनाही वाचवणं. वर्षानुवर्षं एकच औषध, अंदाजाच्या मापाने, सगळ्या कळपाला एकदम पाजून आपणच हा जंत पोसला आहे.

या जंताचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये त्याची सुमारे २८ कोटी अक्षरं सहा गुणसूत्रांवर नीट लावूनही झाली. पण माझ्या गावात औषध वाटून गेल्यावर जंत मेले का, हे विचारायलासुद्धा कोणी आलं नाही. मी स्वतः विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "डोस दिलाय ना, मग?"

हे तपासायला जीनोम वाचावा लागत नाही. डोसाच्या दिवशी लेंडी घ्या, चौदा दिवसांनी पुन्हा घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजा. ती ९५ टक्क्यांनी घटली नाहीत तर औषध थकलं असा संशय घ्यावा. त्या गावचे नमुने परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जावेत आणि तिथे त्या एका अक्षराची चाचणी व्हावी. मराठवाड्यात कुठे कुठलं औषध चालतं याचा नकाशा हातात असल्याशिवाय पुढची खरेदी करू नका, ही माझी पहिली विनंती. प्रत्येक पशुसखीच्या हाती पापणीचा रंग ताडून पाहायचं फमाचा कार्ड द्या, म्हणजे गरज असेल तिलाच डोस मिळेल. धडधाकट शेळ्यांच्या पोटातले औषधाला मरणारे जंत शिल्लक राहणं आपल्याच फायद्याचं आहे. त्यांची वीण चिवट जंतांच्या विणीत मिसळत राहते.

दुसरी विनंती शेळीच्या जनुकांबद्दल आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. एकाच रानात चरणाऱ्या शेळ्यांत काहींच्या लेंडीत अंडी मुळातच कमी पडतात, आणि तो गुण काही प्रमाणात पिलांत उतरतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अंड्यांच्या मोजणीवरून मेंढ्यांचे नर निवडतात. आपल्याकडे फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतलं जुळी कोकरं देणारं जनुक डीएनए चाचणीने ओळखून दख्खनी मेंढीत आणलं. त्यांच्याच अभ्यासात गरोल संकराच्या कोकरांत जंतांची अंडीही कमी आढळली. जुळ्यांचं जनुक एकच आहे, जंतांशी झुंजणारी मात्र अनेक, त्यामुळे इथे एका चाचणीने भागणार नाही. बोकडांच्या लेंडीची मोजणी पिढ्यान्‌पिढ्या ठेवावी लागेल. मेंढी व शेळी विकास महामंडळाची तीर्थ, अंबाजोगाई, मुखेड इथे प्रक्षेत्रं आहेत. तिथला पैदाशीचा बोकड वजन आणि अंगलट पाहून देता, तसा लेंडीतल्या अंड्यांचा आकडाही सोबत द्या.

आमच्या दावणीला एक काळी शेळी आहे. तिला त्या श्रावणात काहीही झालं नाही, पापणी शेवटपर्यंत लाल राहिली. तिला या दिवाळीत दोन बोकड झाले. आई म्हणते, यातला एक विकायचा नाही, कळपाला ठेवायचा. कुठला ठेवायचा, ते लेंडी मोजल्याशिवाय कळणार नाही. दोन डब्या भरून, नाव घालून ठेवतो. त्या घेऊन कुठल्या दवाखान्यात जायचं, एवढं कळवावं.

आपला,
जीवशास्त्राचा एक शिक्षक
जि. धाराशिव