तेजी असते तेव्हाच द्यायला हवं

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत प्रेमचंद रायचंद यांच्यावरचा लेख वाचला, चांगला होता, पण त्यात त्यांना एकदम संतच करून टाकलंय आणि तिथेच सगळी मजा गेली. माणूस संत बिंत नव्हता हो, सट्टेबाज होता! सुरतेचा, 1831 चा जन्म, मुंबईत दलालीत शिरला आणि कापूस, सोनंचांदी, शेअर, जे हाताला लागेल त्यात पैसे केले. 1861 ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, मग मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस लागला आणि भाव असे चढले की मुंबईत पैसा ठेवायचा कुठे हाच प्रश्न. मग रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, समुद्र बुजवायची कंपनी, आणि या सगळ्यांच्या मध्यभागी हे शेठजी.

1865 च्या एप्रिलमध्ये तिकडची लढाई संपली आणि इकडे कापसाचा भाव धाडकन खाली. 1 जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायचे होते, कोणाकडेच नव्हते. प्रेमचंदांचं दिवाळं निघालंच, पण त्यांच्या मागोमाग किती घरं बुडाली. आपल्या गोव्यातल्या, पेडण्याच्या मांद्रेचे डॉ. भाऊ दाजी लाड, एवढा नावाजलेला डॉक्टर आणि विद्वान, तेसुद्धा या शेअरच्या नादात सगळं घालवून बसले. लेखात हे एका ओळीत उरकलंय, ते बरं नाही वाटलं.

पण मला खरं सांगायचंय ते तारखांबद्दल. मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख दिले 1864 मध्ये, त्याच वर्षी टॉवरसाठी आणखी 2 लाख, आईचं नाव राजाबाई म्हणून राजाबाई टॉवर. (आईला दिसत नव्हतं, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून घंटा, ही गोष्ट सगळे सांगतात, पण टॉवर पुरा व्हायला 1878 उजाडलं तेव्हा ती कितपत खरी देव जाणे.) म्हणजे बघा, दिवाळं निघायच्या जेमतेम वर्षभर आधी दिलेत. "जरा थांबू, अजून थोडं कमवू, मग बघू" म्हणाले असते तर ना ग्रंथालय ना टॉवर. कलकत्ता विद्यापीठालाही 2 लाख दिले, त्यांनी तो फंड करून ठेवला आणि त्यातून हुशार पोरांना स्टुडंटशिप सुरू झाली, शिवकालावर लिहिणाऱ्या जदुनाथ सरकारांना ती 1897 ला मिळाली होती! कापसाच्या सट्ट्यातला पैसा कुठून कुठे गेला बघा.

आता आपल्याकडे या. गोव्यातही खाणीच्या पैशातून कॉलेजं उभी राहिली, पणजीचं धेंपे, मडगावचं चौगुले, दोन्ही 1962 ची, मुक्तीनंतर लगेचची. 1985 ला गोवा विद्यापीठ होईपर्यंत ही सगळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे आमच्या पिढीच्या डिग्र्या त्या राजाबाई टॉवरवाल्या विद्यापीठाच्याच. त्या खाणवाल्यांनी वेळेत दिलं, त्याचं मोल मी जाणतो.

पण नंतरची तेजी आठवा. चीनला आपली कमी प्रतीची लोखंडाची मातीसुद्धा चालायला लागली आणि डिचोली, साखळी, सांगेच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा, पोरांच्या वह्यांवर लाल धूळ, बारावी झालेला मुलगा कॉलेज सोडून ट्रकच्या कर्जाच्या मागे. 2012 ला खाणी सगळ्या बंद, मग थोडं चालू, 2018 ला परत बंद. एवढ्या वर्षांत गावाला शिक्षणासाठी काय राहिलं? आमच्याकडच्या एका शाळेत त्या काळात एका बड्या माणसाने कंप्युटर रूम दिली, बाहेर दात्याच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी, आत आठ मशिनं, युपीएसच्या बॅटऱ्या कधीच्या मेलेल्या, आणि बाजूच्या कपाटातल्या पुस्तकांना कुलूप कारण किल्ली सांभाळायला माणूसच नाही. पाटी मात्र अजून चकचकीत आहे. इमारत द्यायला सगळे तयार असतात, पगार द्यायला कोणी नाही, कारण पगारावर नाव कोरता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. 2022 च्या डिसेंबरात खाणींचे लिलाव झाले, त्यात आमच्या डिचोलीचा ब्लॉकही होता, म्हणजे पैसा परत येणार. ज्यांच्याकडे येईल त्यांनी हॉल नि कमानी नका देऊ, मुद्दल बँकेत टाका आणि व्याजावर तालुक्यातल्या चार-पाच वाचनालयांत पगारी ग्रंथपाल नेमा, जो संध्याकाळी पाच ते आठ दार उघडं ठेवेल. पाटी लावायची तर लावा, आमची काही हरकत नाही, पण पैसे या वर्षीच टाका, भाव चांगला आहे तोवर.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, डिचोली