शेकरूपासून उंबरापर्यंत

मंचर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "एकदा संशोधनाचा विषय घेतला की जन्मभर त्याच एका किड्याच्या मागे." तू घाईत होतीस, म्हणून तेव्हा बोलले नाही. "किडे मोजून पोट भरतं का" हे आत्याचं नेहमीचंच, ते सोडून दे. तुझी शंका मात्र खरी आहे.

डॉ. रेनी बोर्जेस तुला माहीत आहेत त्या उंबरवाल्या म्हणून. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं त्यांचं उंबर आणि त्यातल्या इवल्या माश्यांवरचं काम तू वाचलंयस. पण त्यांची पीएच.डी. शेकरूवर होती, मायामी विद्यापीठाची. शेकरू काय खातं हे पाहायचं तर झाड कधी फुलतं, कधी फळतं हे टिपावंच लागतं. मग फळ धरतं कुणामुळे, हा प्रश्न फार लांब राहत नाही. (हा धागा माझ्या नजरेने जोडलाय, त्या स्वतः कदाचित वेगळं सांगतील.)

आणि यातलं बरंच काम आपल्या उशाशी झालंय. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठी. तिथलं वारसाचं झाड तुला ठाऊक आहे. त्याची पांढरी, सुवासिक फुलं रात्री उमलतात. अशा फुलाला पुस्तकी उत्तर ठरलेलं: पतंग, नाहीतर वटवाघूळ. संशोधक हेमा सोमनाथन आणि बोर्जेस यांनी तिथे रात्री काढल्या, तर परागण करणारा निघाला भुंगा, लाकूड पोखरून घर करणारा, मधमाश्यांच्याच कुळातला! हे त्यांनी २००१ साली छापलं.

आता गंमत बघ. काम होतं झाडाचं, आणि प्रश्न उभा राहिला डोळ्यांचा: या भुंग्यांना अंधारात दिसतं कसं? मग स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले दृष्टीचे अभ्यासक सोबत आले. भीमाशंकरला तीन जातींचे भुंगे पाहिले. एक फक्त दिवसा उडणारा. दुसरा, आपल्या वारसावरचा, दिवसाचाच, पण चांदण्या रात्रीही बाहेर पडणारा. तिसरा, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, अमावस्येलाही उडतो. डोळे मात्र दिवसा उडणाऱ्या मधमाश्यांच्याच धाटणीचे. २००८ साली त्यांनी दाखवलं, की घरट्याजवळच्या खुणेचा रंग तो ताऱ्यांच्या उजेडात ओळखतो. तेवढ्या उजेडात तुला-मला रंग म्हणून काही दिसतच नाही.

उंबराचंही तसंच. उंबर फोडून आतले किडे फुंकून टाकत आपण खाल्लंय, पण त्या किड्यांचा संसार काय असतो! परागांसह आलेली मादी तोंडाशी असलेल्या चिंचोळ्या फटीतून आत घुसते, त्यात तिचे पंख गळतात. आतल्या फुलांना पराग पोचवते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. ते माद्यांना फळवतात, भिंत पोखरून वाट करून देतात, आणि माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या हाती एखाद-दोन दिवस. तेवढ्यात नेमक्या अवस्थेतला दुसरा उंबर सापडला पाहिजे, आणि तो सापडतो वासावरून. बोर्जेस यांच्या गटाने हा वास दिवसा कसा, रात्री कसा, कच्च्या फळाचा कसा, सगळं तपासलं. शिवाय बाहेरूनच भोक पाडून अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या आहेत. त्यांच्या अंडी घालायच्या सुईच्या टोकाला जस्त असतं, हे त्याच संस्थेतल्या यंत्रशास्त्राच्या लोकांनी २०१४ साली दाखवलं. बाबा इंजिनियर म्हणून ऐकून खूश झाले.

म्हणजे शेकरू, वारस, भुंगा, उंबर: प्राणी बदलत गेले. कोण, कधी, कशासाठी या झाडाकडे येतं, एवढं विचारणं तेवढं सुटलं नाही. तेव्हा कीटक कुठला, यावर झोप घालवू नकोस. झाड असं निवड, की कळ्या हाताला लागतील. फळ कुणामुळे धरतं हे तपासायला पंचवीस फुटांवर चढून कळीला पिशवी बांधणं आणि पुंकेसर काढून हाताने पराग लावणं कागदावर सोपं वाटतं. आणि संध्याकाळी सहाला नोंदवही मिटायची, असला आराखडा तुझ्या सरांनी मान्य केला तरी तू करू नकोस.

वनखात्याची रात्रीची परवानगी मिळायला वेळ लागतो, अर्ज आत्ताच टाक. आंबेगावात बिबटे किती वाढलेत हे तुला सांगायला नको; गावातला वाटाड्या बरोबर असल्याशिवाय जायचं नाही आणि त्याची मजुरी खर्चात आधीच धर. हेडलॅम्पला लावायचा लाल कागद पार्सलमध्ये घातलाय, लाडवांच्या डब्याखाली.

तुझी,
आई