फोन आईकडे देऊ नका

ह्यूस्टन, दसऱ्यानंतरचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, तीन रविवार झाले, माझा आवाज आला की "ऐकू येत नाही" म्हणून तुम्ही फोन आईकडे देताय. कानातलं मशीन मे महिन्यात मीच बसवून दिलंय, आणि कीर्तनात बुवांचा शब्दन्‌शब्द ऐकू येतो असं दादा सांगतो. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय. पुट्टीकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून तुम्हीच वाचा. पोरीच्या कानावर जावं असं यात काही नाही.

दादाच्या तोंडून निसटलं ते खरं आहे. माझ्याकडे पिस्तूल आहे. मार्चपासून आहे आणि बाहेर पडताना कुर्त्याखाली कमरेला असतं. इतके दिवस तुम्हाला सांगितलं नाही, ती माझी चूक. घेतलं ती चूक आहे असं मला वाटत नाही.

आई परवा म्हणाली, "काय करायलीस गं बाय हे, बाईमाणसानं!" आई, मी काही एका दिवसात उठून दुकानात गेले नाही. इथं नुसत्या व्हिसावरच्या माणसाला सहसा शस्त्र बाळगता येत नाही, ग्रीन कार्ड हातात आल्यावरच गेले. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल लपवून वागवता येतं, तरी मी परवाना काढला. सबंध दिवस वर्गात बसले, कायदा शिकले, लेखी परीक्षा दिली. मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून पन्नास गोळ्या. २५०पैकी १७५ गुण लागतात, मला २३८ पडले. बाबा, हा आकडा तुमच्यासाठी लिहिलाय.

आणि एक गंमत. तिथं कानांवर मोठाले मफ देतात. तरी पहिला बार काढताना माझं तोंड आपोआप उघडं राहिलं. शिकवणारा हसायला लागला. त्याला काय सांगणार, की शेतातल्या माळ्यावर घोंगड्यात गुंडाळून बसवलेल्या सहा वर्षांच्या पोरीला तिच्या बापाने सांगितलेलं, "कान झाक, तोंड उघडं ठेव"? डुकरं उसात घुसली तरी तुम्ही बार आभाळातच काढायचात. "त्यांना पण पोरं असतात," म्हणायचात. मला ते सगळं आठवतं. घोंगड्याचा वाससुद्धा.

का घेतलं, ते तुम्हाला माहीत आहे. त्याचं नाव या कागदावर लिहीत नाही. कोर्टाचा हुकूम आहे माझ्याकडे, पण हुकूम दार अडवून उभा राहत नाही. गणपतीच्या वेळी जे झालं ते दोन्ही घरच्यांनी बघितलंय. इथं मी आणि चिऊ दोघीच. पोलीस बोलावले की येतात, लवकर येतात, पण 'लवकर' म्हणजे किती ते मी त्या रात्री मोजलंय.

"गळ्यात माळ आणि कमरेला पिस्तूल, एका अंगावर दोन्ही शोभत नाही," असं तुम्ही दादाला म्हणालात. बाबा, माळ तुम्हीच घातलीत माझ्या गळ्यात, ती मी ऑपरेशनच्या टेबलावरसुद्धा उतरू दिली नव्हती. तुमचं म्हणणं कळतं मला. पसायदानात माऊलींनी खळ मरोत असं मागितलं नाही, 'जे खळांची व्यंकटी सांडो' म्हटलं, हे तुम्ही दिंडीत कितीदा समजावून सांगितलंय. पण तुकोबांचं 'दया तिचें नांव भूतांचें पाळण। आणिक निर्दळण कंटकांचें॥' हेही मी तुमच्याच तोंडून पाठ केलं. दया आणि निर्दळण एका श्वासात आहेत. मला दुसऱ्या ओळीवर कधी यावं लागू नये, एवढंच रोज पांडुरंगाला सांगते.

शाळेतले जैन गुरुजी आठवतात? चिक्कोडीकडचे, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. मुंगी चुकवून चालायचे. तेच सांगायचे की हिंसा चार तऱ्हेची, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मुनींना चारही वर्ज्य. गृहस्थाने ठरवून करायची ती संकल्पी सोडायचीच, पण अंगावर चालून आलेल्याला अडवताना घडते ती विरोधी, ती त्याला पूर्ण सुटत नाही. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

इथल्यांचंही एकमत नाही. आमचा शिकवणारा निवृत्त पोलीस, रविवारी चर्चमध्ये प्रवचनही करतो. तो म्हणाला, येशूने शेवटच्या रात्री शिष्यांना सांगितलं होतं की ज्याच्याकडे तलवार नाही त्याने अंगरखा विकून घ्यावी. हे मी आमच्या वॉर्डातल्या मेनोनाइट बाईला सांगितलं. त्यांच्या पंथात पिढ्यान्‌पिढ्या कोणी शस्त्र धरत नाही, लष्करातही जात नाहीत. ती म्हणाली, पुढचं वाच. त्याच रात्री पीटरने तलवार उपसून एका नोकराचा कान छाटला, आणि येशूने त्याला थांबवून तो कान बरा केला. आम्ही दोघी नर्सा, कान जोडणाऱ्यांच्या बाजूच्या. यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, पण पिस्तूल परत केलं नाही.

तुमचा खरा राग 'लपवून' या शब्दावर आहे, हे मी ओळखलंय. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हवालदार. बँकेत वीस वर्षं डबल बारची बंदूक खांद्यावर, सगळ्या गावाला दिसेल अशी. शीख कृपाण ठेवतात तेही धर्म म्हणून, उजळ माथ्याने. लपवतो तो चोर, असं तुमचं मत. मग बाबा, १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराजांनी वाघनखं सगळ्यांना दाखवत नेली होती का? रागावू नका. मी स्वतःला कुठं नेऊन ठेवतेय तेही कळतं मला. मी आपली रात्रपाळीची नर्स. पण उघड वागवलं तर चिऊच्या शाळेतल्या पोरांच्या आया घाबरतील, आणि ज्याला कळू नये त्यालाही कळेल.

आता काळजी करू नका म्हणून सांगते. इस्पितळात शस्त्र न्यायला बंदी आहे, ते गाडीत पेटीत कुलूपबंद राहतं. म्हणजे आठवड्यातल्या चार रात्री मी जिथं असते तिथं ते नसतंच. घरीही पेटी बोटाच्या ठशाने उघडते, आणि तो ठसा फक्त माझा. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं शस्त्र ठेवणं इथं गुन्हाच आहे. चिऊ मजेत आहे, मराठी वाचते, 'ळ' म्हणताना जीभ चावते. घर उबदार आहे. ज्वारीचं पीठ तेलुगू दुकानात चांगलं मिळतं, भाकरी आता मोडत नाही. वजन दोन किलो वाढलंय, आई, फोटोत बारीक दिसते तो कुर्त्याचा दोष.

आता तुमच्या डबल बारबद्दल. स्वतः घेऊन बसलीय आणि मला सोडायला सांगते, असं तुम्ही म्हणणार. म्हणा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं तुम्ही दोघांनी मला दोन महिने कळू दिलं नाहीत. लपवण्याच्या हिशेबात तेही धरा. हात थरथरतो हेही दादाकडून कळलं. आणि आई सांगते, तात्या गेल्यापासून तुम्ही रात्री झोपत नाही, उठून बंदूक खाली काढता, तेल देता, पुसता, मांडीवर घेऊन बसता. डुकरं तर यंदा आलीच नाहीत म्हणे.

मी इमर्जन्सीत काम करते, बाबा. या देशात बंदुकीने जातात त्यांतले निम्म्याहून जास्त दुसऱ्या कुणाच्या गोळीने जात नाहीत. त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ असतात. भांडखोर नसतात ती, शांत असतात. तुमच्याबद्दल म्हणत नाही मी. मला झोप लागत नाही म्हणून लिहिलं.

तेव्हा ऐका. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसनदार ७० वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं असली, की वारसाच्या नावे लायसनसाठी अर्ज करता येतो. तुमचं दोन्हीत बसतं. दादा तयार आहे. त्याचं होईपर्यंत खानापूरला ठाण्यात जमा करा, इलेक्शनला करता तशीच. काडतुसंही, तांदळाच्या कणगीमागच्या डब्यातली धरून. फॉर्म कन्नडात आहे म्हणून भांडून परत येऊ नका, वहिनीला वाचता येतं, तिला सोबत न्या. बसने जाऊ नका, दादाची गाडी येईल. डोळ्यांतले थेंब दिवसातून चार वेळा, तीन नव्हे. आणि रात्री जाग आली तर आईला उठवा. ती कुरकुरेल, तरी उठवा. नाहीतर मला फोन करा, तुमची रात्र असते तेव्हा इथं दिवस असतो.

आई, तू विचारलं होतंस, खंडेनवमीला पूजा केलीस का. केली. चिऊ झोपल्यावर पेटी उघडली, गोळ्या काढून बाजूला ठेवल्या आणि ते देवापुढे ठेवलं. हळदीकुंकू लावायला हात होईना. नुसतं तुळशीचं पान ठेवलं आणि बसून राहिले.

पुढच्या रविवारी तुमच्या सकाळी साडेसातला फोन करते. ठाण्याची पावती मिळाली असेल तर तिच्यावरचा नंबर वाचून दाखवा. मिळाली नसली तरी फोन तुम्हीच धरा, बाबा.

तुमची,
बाळी