सही कोणाची घ्यायची?

महोदय,

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मी दीड वर्षाच्या बाळाच्या आईला बाळाच्या विकासाची प्रश्नावली वाचून दाखवत होते. ‘बाळ कठडा धरून जिना चढतं का?’ ती आधी माझ्याकडे, मग घराकडे बघून हसली. बाळ आमच्यासमोर सारवलेल्या ओट्यावर चढत होतं, उतरत होतं. पण प्रश्नावलीत ओटा नव्हता. मी ‘नाही’वर खूण केली. पुढचा प्रश्न, आई रोज किती वेळ बाळाशी खेळते. आई द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीला मजुरीला, बाळ आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. बहिणीसाठी रकानाच नव्हता.

प्रश्नावली परदेशातून आलेली, मी फक्त भरून देणारी. अमेरिकी मानसशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकांत ज्यांचा अभ्यास होतो ते जगाच्या लोकसंख्येच्या ५ टक्केही नाहीत, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्येच मांडलं होतं. प्रश्न आपल्या बाळांवर बेतून करता येत नाहीत असंही नाही. बालमानसशास्त्राच्या अभ्यासक प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांवरून विकासाची भारतीय मापं बसवली, ती आजही दवाखान्यांत वापरतात.

थोरल्या भावंडाने धाकट्याला सांभाळणं केनियातही घरोघर चालतं. तिथल्या माझ्यासारख्याच एका तरुण संशोधिकेशी ओळख झाली आणि आम्ही दोघींनी त्या रिकाम्या रकान्यावरच काम करायचं ठरवलं. मानवी विकासाच्या अभ्यासासाठी दोन देशांतल्या नवोदितांनी मिळून अर्ज करावा, अशी अनुदानं असतात. अर्जावर दोघींच्याही संस्थेची सही लागते. तिच्या विद्यापीठाची सही चार दिवसांत आली. माझ्या कॉलेजात कारकून म्हणाले, “मॅडम, तुम्ही सीएचबीवर. हजेरीपटावर नाव नाही, सही कशाची देऊ?” त्यांचं चुकलं नाही. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, शिकवलेल्या तासांचेच पैसे. असा प्राध्यापक उन्हाळ्यात कोणाचाच नसतो.

त्यात ‘नवोदित’ म्हणजे बहुतेक ठिकाणी पीएचडीनंतरची मोजकी वर्षं. ती आमची तासिका गोळा करण्यात जातात, दोन कॉलेजांच्या मधल्या बसमध्ये जातात. कायम नोकरी लागेपर्यंत नवोदितपण संपलेलं असतं.

सही मिळाली तरी पैसे कुठे यायचे? शिक्षणसंस्थेला परदेशी निधी घ्यायचा तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नाहीतर पूर्वपरवानगी हवी, दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला असा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने घ्यावा आणि आमच्या कॉलेजला द्यावा, ही वाटही बंद. विषय आरोग्याचा असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी. ती असावीच. आपल्या आदिवासी मुलांची माहिती बाहेर जाते, तर कोणीतरी ती डोळ्यांखालून घातलीच पाहिजे.

नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे, पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. यांपैकी एकाने जिल्ह्यातल्या तासिकेवरच्या संशोधकांना प्रकल्पापुरतं संलग्न करून घ्यावं. परवानग्या विद्यापीठाने काढाव्यात, निधीही स्वतःकडेच ठेवून खर्च स्वतःच्या हिशेबात दाखवावा. आम्हाला पगार नको, टेबलही नको, एक सही आणि एक शिक्का हवा. आणि कॉलेजातली आमची नेमणूक एप्रिलमध्ये संपली म्हणून मे महिन्यात ती सही बाद होऊ नये.

– तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका, पंचवटी, नाशिक