‘उष्ण हवामानासाठी खास’ म्हणून विकलेल्या क्लोनिंग किटबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: क्लोनिंग किटच्या खोक्यावरील दिशाभूल करणारा दावा, त्यामुळे झालेलं नुकसान आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीचं घरगुती क्लोनिंग किट, म्हणजे फांदीच्या तुकड्यांपासून रोपं करायचं सामान, मागवून मला दोन महिने होत आले. २४ खणांचा ट्रे, त्यावर बसणारं पारदर्शक झाकण, खाली अंथरायची हीटिंग मॅट, एलईडीची पट्टी, कोकोपीटच्या २४ चकत्या आणि रूटिंग पावडरची बाटली असं सामान त्यात होतं. फुटकं, तुटकं काही निघालं नाही. मॅट तापते, पट्टी लागते, झाकण घट्ट बसतं. माझी तक्रार नेमकी हीच आहे. किट व्यवस्थित चाललं, म्हणूनच माझी कलमं मेली.

खोक्यावर दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत छापलंय, ‘उष्ण हवामानासाठी खास’. मी किट घेतलं ते या तीन शब्दांवर विसंबून. आमच्याकडे उन्हाळ्यात घरात ३४ अंश ही नेहमीची गोष्ट आहे.

आधी झाडाबद्दल सांगते, म्हणजे मी एवढी का चिडले आहे ते कळेल. माझ्याकडे एक संकरित जास्वंद आहे. सकाळी फिकट पिवळी उमलते, पोटात गडद लाल, आणि दुपार कलेपर्यंत पिवळ्यावर गुलाबी छटा चढते. तिच्या बुंध्याला वाळवी लागली. दोन वेळा उपचार केले, तरी एका बाजूची साल पोकळ वाजायला लागली. झाड फार दिवस काढणार नाही, हे दिसत होतं. संकरित जास्वंदीच्या बियांपासून तसंच रोप मिळत नाही, त्यामुळे हेच फूल टिकवायचं तर फांदीपासून रोप करणं हा एकच मार्ग होता. झाडावर बऱ्या अशा ३० कांड्या निघाल्या. त्यातल्या २४ मी तुमच्या भरवशावर टाकल्या.

तुमच्या माहितीपत्रकात ‘प्रगत क्लोनिंग तंत्रज्ञान’ हे शब्द चार वेळा आले आहेत. क्लोन हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ डहाळी. १९०३ साली हर्बर्ट वेबर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तो सुचवला, तोही कलमं, कंद, छाटे यांच्यापासून वाढवलेल्या झाडांसाठीच. डॉलीसारख्या क्लोन केलेल्या मेंढ्या त्यात फार उशिरा आल्या. तेव्हा फांदी तोडून खोचण्याला तंत्रज्ञान म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण मग त्यातलं साधं तंत्र तरी पाळा.

मी पत्रकाबरहुकूम सगळं केलं. सकाळी ऊन चढायच्या आत, कात्री स्पिरिटने पुसून, पेन्सिलीच्या जाडीच्या फांद्या घेतल्या. वीतभर लांबी, डोळ्याच्या जरा खाली तिरका काप, खालची पानं काढलेली, वरची अर्धी कापलेली. पावडरीत बुडवून चकतीत खोचल्या, पाणी फवारलं, झाकण लावलं, मॅटचं बटण दाबलं. पत्रकात लिहिलंय, ‘मॅट सलग १४ दिवस चालू ठेवावी. झाकण पहिले ७ दिवस उघडू नये.’

मी उघडलं नाही. चौथ्या दिवशी झाकणाला आतून इतकं पाणी जमलं होतं की पानं दिसत नव्हती. सहाव्या दिवशी खोलीत वास सुटला. साचलेल्या पाण्यातल्या फुलदाणीचा असतो ना, तसा. राहवलं नाही, झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. पानं हिरवीच होती, म्हणून क्षणभर बरं वाटलं. एक कांडी हलकेच वर ओढली, तर साल चिमटीत राहिली आणि आतलं लाकूड तपकिरी, बुळबुळीत असं वेगळं निघालं. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. मग थर्मामीटर चकतीत खुपसला. खोलीत ३४, चकतीत ४२.

हा आकडा पाहून मी तुमचं पत्रक पुन्हा उघडलं. मागच्या पानावर बारीक अक्षरांत आहे, ‘मॅट सभोवतालच्या तापमानापेक्षा ८ ते १० अंश अधिक उष्णता देते.’ म्हणजे मॅटने शब्द पाळला. थर्मोस्टॅट नाही, कमी-जास्त करायची सोय नाही. चालू किंवा बंद, एवढंच.

खालून ऊब का देतात हे मला कळतं. थंड खोलीत माती १५ अंशांवर अडकलेली असते, तिथे मुळं फुटायला फार वेळ जातो. खालून ऊब देऊन ती २३ ते २५ अंशांपर्यंत आणली आणि वरची हवा जरा गार ठेवली, की पालवीच्या आधी मुळं येतात. तुमची मॅट १५ अंशांच्या खोलीत ठेवली तर बरोबर तिथे पोचते. तिथे ती उत्तम आहे, मी नाही म्हणत नाही. पण तीच ३४ अंशांच्या खोलीत ४२ ला जाते. मुळं नसलेली कांडी साठवलेल्या साखरेवर दिवस काढत असते. तापमान १० अंशांनी वाढलं की तिचा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे शिदोरी निम्म्या दिवसांत संपते. वर ओल, ऊब आणि कोंडलेली हवा, या तिन्ही गोष्टी कूज आणणाऱ्या बुरशीला हव्याच असतात. झाकणाला झरोके आहेत, पण ते तिळाएवढे, आणि पहिले सात दिवस तेही बंद ठेवायला सांगितलेत. त्यावर एलईडीची पट्टी झाकणापासून चार बोटांवर. मी कलमं उबवत नव्हते, शिजवत होते.

आता उरलेल्या ६ कांड्यांबद्दल. त्या मी तुमच्या किटमध्ये जागा नव्हती म्हणून केवळ, धुतलेल्या जाड वाळूत मातीच्या कुंडीत लावल्या होत्या. वर बाटलीचा बूड कापलेला अर्धा भाग उपडा, बाटलीचं झाकण काढलेलं. कुंडी उत्तरेच्या भिंतीशी, दिवसभर सावली. मॅट नाही, दिवा नाही, पावडर मात्र तुमचीच. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी पाझरून उडतं, त्यामुळे वाळू खोलीपेक्षा गार राहिली. दुपारी मोजलं तेव्हा २९ अंश होती. पाचव्या आठवड्यात ६ पैकी ५ जगल्याचं कळलं, नवी पानं आली आणि हळूच ओढून पाहिलं तर कांडी अडली. एकाच झाडाच्या, एकाच सकाळी, एकाच कात्रीने कापलेल्या कांड्या. ‘फांद्या निरोगी नसतील’ असं तुमच्या प्रतिनिधीने मला लिहिलं होतं, त्याला हे उत्तर आहे.

त्या प्रतिनिधींबद्दलही लिहायलाच हवं. मी पाच ईमेल पाठवले. तीन उत्तरं शब्दशः सारखी आली, ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ चौथ्यात सल्ला होता: कांड्या पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि भांडं मॅटवर ठेवा. जास्वंदीच्या कांड्या संपल्या होत्या, म्हणून मी मनीप्लँटच्या चार कांड्या घेतल्या. मनीप्लँट! जो वेल कुठल्याही बाटलीत दुर्लक्षित टाकला तरी मुळं सोडतो. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ, सहाव्या दिवशी टोकं काळी. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. आणि नेमका त्याच वेळी बुडालेल्या देठाला तो जास्त लागतो. घरगुती लागवडीचं सामान विकणाऱ्या कंपनीने हे ग्राहकाकडून शिकावं, याचं मला नवल वाटतं. मनीप्लँट मारून दाखवणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

पाचव्या ईमेलला उत्तर आलं, ‘जिवंत वनस्पतींच्या यशाची हमी कंपनी देत नाही.’ ती मी मागितलेलीच नव्हती. कलमं मरतात, माझी याआधीही मेली आहेत, त्याचा दोष मी कुणाला दिलेला नाही. मी विचारलं होतं ते इतकंच: ३४ अंशांत ४२ करणारी वस्तू उष्ण हवामानासाठी खास कशी? याचं उत्तर पाचही ईमेलांत नाही.

पावडरीचंही तसंच. बाटलीवर ‘मूळवर्धक संजीवक’ एवढंच लिहिलंय. त्यात आयबीए आहे की एनएए (मुळं फुटवणारी दोन नेहमीची संजीवकं), आणि किती टक्के, याचा पत्ता नाही. साधारणपणे कोवळ्या फांदीला ०.१ टक्का, अर्धवट जून फांदीला ०.३ आणि पक्क्या जून लाकडाला ०.८ टक्के आयबीए असलेली पावडर वापरतात. प्रमाण जास्त झालं तर कांडीचं बूड करपतं, कमी झालं तर पावडर लावून न लावल्यासारखीच. मग मी काय समजून वापरायची? शिवाय पत्रकात कांडी थेट बाटलीत बुडवायला सांगितलंय. एका कांडीचा ओलावा आणि रोग सगळ्या बाटलीला! मी वाटीत थोडी काढून घेतली आणि वाटीत उरलेली फेकून दिली, म्हणून निदान बाटली वाचली. ५ कांड्या लागल्या त्याअर्थी पावडरीत काही दम असावा, तेवढं श्रेय देते. पण आत काय आहे ते लिहायला नको?

आता मूळ मुद्दा. ‘उष्ण हवामानासाठी खास’ ही अक्षरं खोक्यावर छापलेली नसून वरून चिकटवलेल्या कागदावर आहेत, हे मला खोकं रद्दीत टाकताना समजलं. दमट हवेने कोपरा सुटला होता. नखाने ओढला. खाली मूळ छपाई होती, ‘तळघर व थंड खोल्यांसाठी’. आणि शेजारी सात बोटांचं, करवतीसारख्या कडांचं एक पान. ते कशाचं आहे हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही. मग पत्रकातली कोडीही सुटली. ‘आई-झाड फुलोऱ्यावर जाऊ नये म्हणून १८ तास उजेड द्यावा’ हे वाक्य वाचून मी चक्रावले होते, कारण जास्वंद फुलते म्हणून तर ठेवायची. गांजाचं झाड दिवस लहान झाले की फुलोऱ्यावर येतं, म्हणून घरात वाढवणारे त्याला उजेड लांबवून देतात. म्हणजे थंड देशातल्या तळघरात गांजा वाढवणाऱ्यांसाठी केलेलं किट, त्यावर एक कागद डकवून, जास्वंद आणि मोगऱ्याची चित्रं लावून, तुम्ही उष्ण प्रदेशातल्या लोकांना विकलंत.

जिथे कायद्याने मुभा आहे तिथे कुणी काय लावावं याच्याशी मला कर्तव्य नाही. पण कित्येक देशांत ते झाड परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे, आणि असं पान छापलेलं खोकं एखाद्याच्या दारात तुम्ही त्याला न सांगता पोचवता, हे बरं नव्हे. गंमत म्हणजे उष्ण हवेत त्या पिकाच्या कलमांचीही या किटने हीच गत होईल. ४२ अंशांत जास्वंद काय आणि गांजा काय, कूज भेदभाव करत नाही.

तेव्हा किटची पूर्ण रक्कम मला पाठवणावळीसकट परत करा. बदली किट नको, कूपन नको. उरलेल्या मालावरचा ‘उष्ण हवामानासाठी खास’ हा कागद काढा, किंवा मग मॅटला थर्मोस्टॅट लावा, झाकणाला उघडझाप करता येतील असे मोठे झरोके ठेवा आणि पत्रकात स्पष्ट लिहा की खोली २५ अंशांच्या वर असेल तर मॅट लावू नये. हे एक वाक्य छापलं असतंत तरी माझ्या २४ कांड्यांपैकी काही वाचल्या असत्या. बाटलीतल्या घटकाचं नाव आणि टक्केवारी मला लेखी कळवा. या पत्राला १५ दिवसांत उत्तर द्या. न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे, आणि तिथे दाखवायला आकड्यांची वही, तारखांसकट फोटो आणि तुमचे पाचही ईमेल माझ्याकडे आहेत.

बुंध्याची पोकळ बाजू गेल्या आठवड्यात कोसळली. वाळूतली पाच रोपं वेगळ्या कुंड्यांत लावली आहेत, त्यातल्या एकीला कळी आहे.

कळावे,

आपली,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, थर्मामीटरसह ट्रेचे दोन फोटो, खोक्यावरून सोललेला कागद आणि त्याखालच्या छपाईचा फोटो. कागदाची मूळ प्रत माझ्याकडेच ठेवली आहे, ही रंगीत झेरॉक्स आहे.