विषय : लंडनच्या ‘बजेट फॅमिली पास’मध्ये बारा वर्षांच्या मुलीला प्रौढ ठरवल्याबद्दल

व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या माणसाने चौथ्यांदा मला होल्डवर टाकून फोन कापला, म्हणून लिहिते आहे. पासमध्ये प्रवासाची कार्डं, म्युझियमचा प्रवेश आणि हॉप ऑन बस येते, ते तुम्हाला ठाऊक असणारच, विकता तुम्हीच.

बुकिंगच्या वेळी मुलांच्या जन्मतारखा तुमच्याच फॉर्ममध्ये भरल्या होत्या. मुलगी १२, मुलगा १५. तरी हातात पडली चार व्हिजिटर ऑयस्टर कार्डं (लंडनच्या बस-रेल्वेचं भाडं ज्यातून कापलं जातं ती), चारही प्रौढ दराची. ११ ते १५ वर्षांच्या पाहुण्या मुलांना स्टेशनवर कार्डावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत घालून मिळते, १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं पडतं, याबद्दल तुमच्या माहितीपत्रकात अवाक्षर नाही. आम्हाला कळलं ते तिसऱ्या दिवशी, अर्ल्स कोर्ट स्टेशनवर. मुलीने मशीनच्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवलं आणि म्हणाली, “आई, बाबांचे आणि माझे सारखेच पैसे गेलेत.” तिथल्या कर्मचाऱ्याने दोन्ही मुलांकडे एकदा पाहिलं आणि दोघांच्या कार्डांवर सवलत घातली. दोन मिनिटं लागली. तो तुमचा पगार घेत नाही.

आता तुमचे पगारदार. मी विचारलं, ही सवलत सांगितली का नाही? उत्तर आलं, “मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये बारा पूर्ण झाले की ॲडल्ट.” म्हटलं, लंडनच्या सिस्टीममध्ये तसं नाही. बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग, “मॅडम, मुलं उंच आहेत का?” मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा विचारलं. मी, मूर्खासारखी, सांगितलंसुद्धा, की मुलगा पाच फूट अकरा आहे. “हां, मग तसंच झालं असेल.” काय झालं असेल? ऑनलाइन फॉर्मला मुलाची उंची दिसली? उद्या दाढी आली तर ज्येष्ठ नागरिकांत घालाल का? साहेबांना फोन द्या म्हटलं तर “सर लंचला गेलेत.” संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते.

संयमाने लिहायचं ठरवलं होतं. असो.

‘स्किप द लाइन म्युझियम एंट्री’चे चौघांचे ४८ पौंड घेतलेत. ब्रिटिश म्युझियमचा कायमचा संग्रह पाहायला तिकीट लागत नाही. वेळ राखून ठेवायची तर तीही त्यांच्या साइटवर फुकट मिळते. आणि लाइन म्हणाल, तर पिशव्या तपासायच्या रांगेत आम्ही एक छदामही न दिलेल्या लोकांच्या मागे उभे होतो. फुकट दाराचे ४८ पौंड!

तुमच्या कार्यक्रमात लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ‘ट्यूबने’, म्हणजे भुयारी रेल्वेने, असं छापलंय. चालत पाच मिनिटं लागतात. आम्ही आज्ञाधारकपणे भाडं भरलं, वर लिफ्टला गर्दी म्हणून १९३ पायऱ्या चढलो आणि मुलाने वर येऊन नकाशा दाखवला. साध्या लाल बसमध्ये तासाभरात कितीही वेळा बस बदला, एकच भाडं पडतं, हेही मुलांनीच शोधलं. वरच्या मजल्यावरची पुढची सीट त्यांना सगळ्या सहलीत जास्त आवडली. तुमच्या ४८ तासांच्या हॉप ऑन (हव्या त्या थांब्यावर चढा-उतरा) बसची आम्ही थांब्यावर चाळीस मिनिटं वाट पाहत होतो.

म्युझियमचे ४८ पौंड आणि दोन्ही मुलांच्या कार्डांवर पहिल्या तीन दिवसांत जादा गेलेलं भाडं १५ दिवसांत परत हवं. ‘क्रेडिट व्हाउचर’ नको. तुमच्याकडे पुन्हा यायला मी वेडी नाही. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आयोगातली तक्रार माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, तेव्हा ‘आमचं ऑफिस तिकडे आहे’ हे ऐकवू नका.

वहिनीला पॅरिससाठी मीच तुमचं नाव सुचवलं होतं. काल तिने बुकिंग रद्द केलं.

आणि सरांचं लंच झालं असेल तर त्यांना फोन करायला सांगा.