आजीनंतरचं पहिलं पत्र

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोन रोजच होतो, पण फोनवर बाबा "बरं आहे" याच्या पुढे जात नाहीत आणि आई लगेच मी काय जेवले त्याकडे वळते. म्हणून लिहायला बसले. आजीबद्दल मनात बरंच साठलंय, आणि तिच्या निमित्ताने तुम्हा दोघांकडे एक मागणंही आहे.

दफनविधीच्या वेळी पाळकसाहेबांनी प्रेषितांच्या कृत्यांतला यापोच्या टबीथाचा उतारा वाचला. ती गेल्यावर विधवा बायका तिने शिवलेले कपडे पेत्राला दाखवत रडतात, तो. ऐकताना मला आपल्या ओसरीवरचं शिवणयंत्र दिसत होतं. मंडळीत कुणाकडे बाळ झालं की झबलं-टोपडं. दृढीकरणाच्या विधीला बसणाऱ्या ज्या मुलीकडे पांढरा कपडा नसेल, तिला तो. बाबा, तिने कधी कुणाकडून शिलाई घेतलेली तुम्हाला आठवते? मला तरी नाही. नंतर घरी भेटायला आलेल्या बायका एकेक करून हेच सांगत होत्या. त्यातल्या एक म्हणाल्या, "बाईंनी दिलं, पण चारचौघांत कधी दिलं नाही." आजीला त्या एका वाक्यात सगळ्यांत नेमकं कुणी ओळखलं असेल, तर त्यांनी.

हंगामाच्या सणाचा लिलाव आठवतो ना? उपासना संपली की वेदीपुढची कणसं, भोपळे, गुळाच्या ढेपा बाहेर मांडवात यायच्या. वस्तीवरच्या त्या म्हाताऱ्या मावशी रुमालात बांधून अंडी आणायच्या. आजी त्या अंड्यांवर बोली चढवत न्यायची, बाजारभावाच्या कितीतरी वर. पैसे देवळाच्या कामाला जायचे आणि घरी निघताना अंडी गुपचूप मावशींच्याच पिशवीत. "मला डॉक्टरांनी अंडी बंद केलीत," असं सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासोबत बसून ऑम्लेट खायची.

आता सगळे म्हणतात, स्वभावच दानशूर होता. मला ते पुरेसं वाटत नाही. तिच्या देण्यामागे हिशेब होता. पगाराच्या दिवशी आधी दशांशाचं, म्हणजे देवळाच्या दहाव्या वाट्याचं, पाकीट भरायचं, मग किराणा. पेन्शनवर आली तरी क्रम बदलला नाही. आणि त्यामागे जी गोष्ट होती, ती तिने मला मी कॉलेजात असताना एका दुपारी सांगितली. तुम्हाला ती ठाऊक आहेच, पण मला कशी उमगली ते सांगते.

तिची आजी 1876–78च्या दुष्काळात लहान पोर होती. गावकुसाबाहेरचं घर, आधीच गावाने दूर ठेवलेलं, त्यात धान्य संपलेलं. मिशनच्या लोकांनी त्यांना खायला घातलं, पुढे ते कुटुंब ख्रिस्ती मंडळीत आलं. बाबा, शाळेत तुम्हाला कुणीतरी "भाकरीसाठी बाटलेले" म्हणालं होतं आणि तुम्ही रडत घरी आला होतात, हेही तिनेच सांगितलं. तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत. तेव्हा ती तुम्हाला म्हणाली होती, "भूक लागली होती, त्यांनी दिलं, आपण घेतलं. यात लाज कसली? लाज त्यांना वाटावी, ज्यांच्याकडे होतं आणि दिलं नाही." प्रभूवर विश्वास का ठेवला, हा तिच्या लेखी पुढचा आणि मोठा विषय होता, त्यावर ती तासभर बोलू शकायची. पण भाकरीची गोष्ट तिने कधी झाकली नाही.

शिक्षणाचंही तेच. नगरच्या क्लेरा ब्रूस शाळेच्या बोर्डिंगमध्ये ती शिकली, मास्तरीण झाली. सावित्रीबाई शिकवायचं शिकायला नगरला मिशनच्या फॅरारबाईंकडे आल्या होत्या, हे ती आपल्या माहेरची गोष्ट असावी तशा अभिमानाने सांगायची. मग 1972 साली दुष्काळ पुन्हा दारात आला. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा आणि त्याची भाकरी थापताना मोडायची, हे आई, तू सांगितलं होतंस. आजीने घरातली होती ती ज्वारी खडी फोडून येणाऱ्या माणसांसाठी ठेवली आणि घरच्यांना मिलो खायला घातला. दाराशी येणाऱ्याला जात विचारली नाही, देऊळ विचारलं नाही. बाबा, तुम्हाला मिलोचा अजून राग आहे. पण ती ज्वारी कुठे गेली, हे तुम्हीच मला सांगितलंत आणि तेव्हा तुमचा आवाज भरून आला होता.

आता मागणं. खुबा मोडल्यावर शेवटची वर्षं आजी खाटेवर होती. मला वाटलं होतं, आयुष्यभर देणारी बाई आता कुढेल. ती कुढली नाही. अंघोळ घालायला येणाऱ्या ताईंच्या हातात निवांत हात द्यायची. शेजारच्या काकूंनी रमजान ईदला शीरखुर्मा पाठवला की वाटी दोन्ही हातांनी घ्यायची, चाटूनपुसून संपवायची आणि त्यांच्या लेकरांसाठी प्रार्थना करायची. "नको, कशाला" हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नाहीत. घेतलेल्या भाकरीची लाज जिला नव्हती, तिला घेतलेल्या वाटीची कशी वाटणार!

आणि तुम्ही दोघं मात्र प्रत्येक गोष्टीला "नको, कशाला" म्हणता. आई, तुझे गुडघे इतके दुखतात तरी ओट्याशी उभी राहतेस. स्वयंपाकाला बाई ठरवते म्हटलं की विषय बदलतेस. बाबा, आजीचं करता करता तुमच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागे पडलं. आता ती गेली, तरी तुम्ही तारीख घेत नाही, कारण "तुला उगाच रजा काढावी लागेल." मला काढायची आहे रजा. तिचं सगळं तुम्ही दोघांनी हाताने केलंत, मी पाहिलंय, आणि त्यासाठी तुमच्याबद्दल मला किती आदर वाटतो हे मला सांगताही येत नाही. आता थोडं मला करू द्या.

शिवणयंत्र कुणाला द्यायचं, असं आईने विचारलं होतं. माझ्या मते शेजारच्या काकूंच्या धाकटीला द्या, ती शिवण शिकते आहे. पट्टा बदलावा लागेल, तो मी येताना आणते. पेटीतली उरलेली झबली तशीच राहू देत, मंडळीत येत्या नाताळापर्यंत दोन घरी बाळं यायची आहेत.

बाबा, या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन तारीख घ्या आणि मला कळवा. आदल्या दिवशी मी पोचते. स्वयंपाकाच्या बाईंशी आल्यावर मीच बोलते, आईने फक्त हो म्हणायचं.

तुमची लेक